तेरेखोलच्या दोन कांठीं : फांशी आणि जन्मठेप

खुनाच्या अपराधास फांशी द्यावी कीं जन्मठेप द्यावी, हा वाद आपल्याकडे बहुधा ठराविक शस्त्रांनींच लढला जातो. एक पक्ष न्यायाचें आणि दहशतीचें नांव घेतो. दुसरा दयेचें आणि अहिंसेचें. अडचण मात्र दोघांचीही एकच आहे. जेथें फांशी आहे तेथें ती नसती तर काय झालें असतें, हें पाहावयास मिळत नाहीं. आणि जेथें ती नाहीं तेथें ती असती तर काय झालें असतें, हेंही कोणास सांगतां येत नाहीं. मग इंग्लंड-अमेरिकेचे दाखले आणावे लागतात. आणि ते आणले कीं प्रतिपक्षी म्हणतो, तेथील माणसें निराळीं, तेथील हवा निराळी.

परंतु आपल्या कोंकणाच्या दक्षिण टोकास असा एक मुलूख आहे कीं, जेथें बोलीनें जवळचीं, त्याच ग्रामदेवतांना कौल लावणारीं आणि एकमेकांशीं सोयरीक करणारीं माणसें सुमारें नव्वद वर्षें दोन निरनिराळ्या कायद्यांखालीं नांदलीं. एका बाजूस खुनास फांशी होती. दुसऱ्या बाजूस ती नव्हती. मध्यें होती तेरेखोलची नदी. ही हकीकत वाचकांपुढें मांडावी आणि तिजवरून जितकें अनुमान काढतां येईल तितकेंच काढावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम भूगोल. सह्याद्रींतून निघून बांद्यावरून वाहत येणारी ही नदी आज सिंधुदुर्ग जिल्हा आणि गोवें यांची सीमा आहे. उत्तरेस आरोंदें, सातार्डें. दक्षिणेस किरणपाणी, नयबाग. एका कांठावरील माणसानें हांक मारली तर दुसऱ्या कांठावर ऐकूं जावी इतकें हें अंतर. मुखाजवळ तर नदीचाही आडपडदा नाहीं. तेरेखोलचा किल्ला उत्तर तीरावर असूनही तो गोव्याचा, कारण पोर्तुगीजांनीं तो इ. स. १७४६ मध्यें सांवतवाडीकरांकडून घेतला. पेडणें महाल १७८८ मध्यें त्यांच्या पदरीं पडला. इकडे इंग्रजांनीं १८१२ मध्यें कोल्हापूरकरांकडून मालवण आणि सांवतवाडीकरांकडून वेंगुर्लें घेतलें. आणि १८३८ पासून सांवतवाडी संस्थानचा कारभारही त्यांनीं आपल्या हातीं घेतला. अशा रीतीनें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या किनाऱ्यावर दोन युरोपीय सत्ता एकमेकींस खेटून उभ्या होत्या. १८४४ च्या बंडांत हरलेले सांवतवाडीचे बंडखोर गोव्यांत आश्रयास गेले, तेव्हां या सीमेचा अर्थ लोकांस चांगलाच कळून चुकला होता. ओढा ओलांडला कीं सरकार बदलतें, हें ज्ञान येथें पोथींतून मिळवावें लागत नसे.

मात्र या वेळेपर्यंत देहदंडाच्या बाबतींत दोन्ही तीर सारखेच होते. मराठी राज्यांत देहदंड होता आणि गडावरील कैदही होती. ब्राह्मणास देहदंड देऊं नये असा शास्त्राचा दंडक असल्यामुळें शिक्षेचें माप जातीप्रमाणें बदलत असे. तरीही या परंपरेच्या शिखरावर रामशास्त्री प्रभुण्यांचें नांव आहे. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाबद्दल त्यांनीं रघुनाथरावांस देहान्त प्रायश्चित्त सांगितलें, ही गोष्ट मराठी घरांतील मुलांनाही ठाऊक असते. तें प्रायश्चित्त अमलांत कधींच आलें नाहीं. पण कायदा राज्यकर्त्यालाही लागूं आहे, हा त्या उच्चारांतील अर्थ मात्र टिकून राहिला. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. रामशास्त्र्यांचें मोठेपण त्यांनीं मरणाची शिक्षा सांगितली यांत नाहीं. ती कोणाला सांगितली, यांत आहे. देहदंडाचे कैवारी त्यांचें नांव घेतात तेव्हां हा भेद पुष्कळदां विसरला जातो.

दक्षिण तीरावरील चित्र याहून भयंकर होतें. १७८७ मध्यें गोव्यांतील कांहीं ख्रिस्ती धर्मगुरु, लष्करी अधिकारी आणि गृहस्थ यांनीं पोर्तुगीज सत्तेविरुद्ध केलेला कट उघडकीस आला. इतिहासांत तो पिंटोंचा कट म्हणून ओळखला जातो. १३ डिसेंबर १७८८ रोजीं पणजीस पंधरा जणांस अत्यंत क्रूर रीतीनें ठार मारण्यांत आलें. त्याच कटांतील धर्मगुरूंना मात्र, ते धर्मगुरु म्हणून, फांशी न देतां लिस्बनला धाडलें आणि तेथील समुद्रकांठच्या किल्ल्यांत खटला न चालवितां वर्षानुवर्षें डांबून ठेवलें. म्हणजे एकाच कटाबद्दल कांहींना मरण आणि कांहींना अंत नसलेली कैद. आपल्या विषयाचे दोन्ही चेहरे या एकाच प्रकरणांत दिसतात, आणि दोहोंपैकीं एकही पाहावेसें वाटत नाहीं.

पुढें ऐंशी वर्षांत पोर्तुगाल बदललें. तेथें साध्या गुन्ह्याकरितां दिलेली शेवटची फांशी १८४६ मधील. १८५२ मध्यें राजकीय अपराधांपुरता देहदंड रद्द झाला. १ जुलै १८६७ च्या कायद्यानें, राजे लुईश यांच्या कारकीर्दींत आणि न्यायमंत्री बार्झोना द फ्रेइताश यांच्या पुढाकारानें, सर्व नागरी गुन्ह्यांकरितां तो रद्द करण्यांत आला. लष्करी कायद्यांत तेवढा राहिला. फांशीच्या जागीं एकांत कोठडींतील जन्मकैद आली. फ्रान्सच्या व्हिक्तर ह्यूगोनें त्या वेळीं पोर्तुगालचें अभिनंदन केलें होतें. आपल्या दृष्टीनें महत्त्वाची तारीख याच्या नंतरची आहे. ९ जून १८७० च्या हुकुमानें हा कायदा समुद्रापलीकडील पोर्तुगीज प्रांतांस लागूं झाला, आणि त्यांत गोवेंही आलें. इतकेंच नव्हे, तर १८८४ मध्यें पोर्तुगालनें जन्मकैदही रद्द करून तिच्या जागीं मुदतीच्या शिक्षा आणल्या.

याच सुमारास उत्तर तीरावर काय चाललें होतें? मुंबई इलाख्यांत १८२७ पासून एल्फिन्स्टनच्या संहितेचा अंमल होता. १ जानेवारी १८६२ पासून हिंदी दंडविधान सुरू झालें. त्याच्या ३०२ व्या कलमानें खुनास दोन शिक्षा सांगितल्या : मरण किंवा जन्मभर काळें पाणी. दोहोंपैकीं पहिली ही नियम आणि दुसरी अपवाद मानली जाई. १८९८ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यानें तर असें बंधन घातलें कीं, देहदंडास पात्र असलेल्या अपराध्यास न्यायाधीशानें मरणाची शिक्षा दिली नाहीं तर ती कां दिली नाहीं याचीं कारणें त्यानें लिहून ठेवावीं. म्हणजे माणूस मारण्यास कारण लागत नव्हतें, जिवंत ठेवण्यास लागत होतें.

काळ्या पाण्याविषयीं एक शब्द येथें सांगितला पाहिजे. देशावरच्या माणसास समुद्र ओलांडणें म्हणजे जात गमावणें, म्हणून ती शिक्षा मरणाहूनही भयंकर, असें सरकारी अधिकारी समजत. परंतु मालवण-वेंगुर्ल्याच्या खलाशास आणि तांडेलास समुद्राची दहशत ती काय असणार? त्यांच्या बापजाद्यांचा पोटाचा धंदाच तो. त्यांना जी भीति होती ती पाण्याची नव्हे, परत न येण्याची. शिक्षेची धार सगळीकडे सारखी लागत नाहीं, ती माणसाच्या आयुष्यावर अवलंबून असते, हें या किनाऱ्यावरून चांगलें उमजतें.

युरोपांतही हा वाद ऐन रंगांत होता. इटालियन पंडित बेक्कारिया यानें १७६४ मध्येंच असें प्रतिपादन केलें होतें कीं, क्षणांत संपणाऱ्या मरणापेक्षां जन्मभर डोळ्यांपुढें राहणारी कैद लोकांस अधिक धाक घालते. आणि शिक्षेची जरब तिच्या क्रौर्यांत नसून तिच्या निश्चितीत असते. पोर्तुगालच्या कायद्यास एक वर्षही पुरतें झालें नव्हतें, तोंच एप्रिल १८६८ मध्यें इंग्लंडच्या पार्लमेंटांत जॉन स्टुअर्ट मिल फांशीच्या बाजूनें उभा राहिला. पुष्कळ वर्षें ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत घालविलेला हा उदारमतवादी तत्त्वज्ञ म्हणाला तें थोडक्यांत असें : जन्मभराची सक्तमजुरी दिसावयास सौम्य पण भोगावयास क्रूर असते, फांशी दिसावयास भयंकर पण भोगावयास त्या मानानें हलकी. समाजास हवा असतो तो दिसणारा धाक. तेव्हां अपराध्यास कमी दुःख देऊन अधिक धाक घालणारी शिक्षा तीच खरी दयेची. मिलचा हा युक्तिवाद हसण्यावारीं नेण्यासारखा नाहीं. मात्र त्यानें एक गोष्ट प्रामाणिकपणें कबूल केली. निरपराध्यास फांशी दिली गेल्यास ती चूक दुरुस्त होत नाहीं. आणि जेथील न्यायपद्धति अशा चुका करणारी असेल तेथें या आक्षेपास उत्तर नाहीं. त्याची मदार इंग्लिश न्यायालयें आरोपीस झुकतें माप देतात, या विश्वासावर होती. या कबुलीकडे आपणांस पुन्हा यावयाचें आहे.

आतां त्या नव्वद वर्षांकडे वळूं. दोन कांठांवरील खुनांची तुलना करणारे आंकडे मांडून निकाल लावण्याचा मोह आम्ही टाळतों, कारण दोन सरकारांची मोजदाद, पोलीस आणि न्यायपद्धति एका मापाचीं नव्हतीं. परंतु आंकड्यांवांचूनही एक गोष्ट डोळ्यांत भरण्याजोगी आहे. १८७० ते १९६१ या काळांत पोर्तुगालांत राजेशाही होती, १९१० मध्यें लोकसत्ता आली, आणि पुढें सालाझारची हुकुमशाही आली. या शेवटच्या राजवटीनें वर्तमानपत्रांचीं तोंडें बांधलीं, गुप्त पोलीस पाळले, सभा-संमेलनें बंद केलीं. दयाळूपणाचा आरोप तिच्यावर कोणीही करणार नाहीं. तरीही साध्या खुनाकरितां फांशीचा दोर परत आणावा असें तिला वाटलें नाहीं. राज्य राखण्यास दोर लागतोच असें असतें, तर ज्या सरकारानें दुसरें कोणतेंही साधन वर्ज्य मानलें नाहीं त्यानें हेंच एक साधन सोडून दिलें नसतें.

परंतु येथेंच थांबून गोव्याच्या कायद्याचे गोडवे गाणें म्हणजे अर्धें सत्य सांगणें होईल. फांशी गेली म्हणून सरकारचा हात रक्तापासून अलग झाला नाहीं. सत्तरींतील बंडखोर कुष्टोबा राणे १८७१ मध्यें, म्हणजे फांशी उठल्यावर वर्षभरांतच, गोळीला बळी पडला. १८९५ मध्यें मोझांबिकास जाण्याचा हुकूम मिळाल्यामुळें गोव्यांतील मराठा शिपाई बिथरले आणि राणे त्यांस मिळाले. त्या बंडाचे पुढारी दादा राणे यांच्या वांट्यास दूरच्या तिमोर बेटाची हद्दपारी आली. १९४६ मध्यें डॉ. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्य यांना आठ वर्षांची शिक्षा होऊन पोर्तुगालांतील पेनिश किल्ल्यांत पाठविण्यांत आलें. आणि १५ ऑगस्ट १९५५ रोजीं, बांद्याच्या पलीकडे पत्रादेवी येथें, नि:शस्त्र सत्याग्रह्यांवर पोर्तुगीजांनीं गोळ्या झाडल्या. त्यांत पंजाबचे कर्नेलसिंग पडले, आणि त्या दिवशीं सीमेवर इतरत्रही अनेकांचे प्राण गेले. ज्या राज्याच्या दंडविधानांत मरण नव्हतें त्याच्या बंदुकींत तें होतें. फांशी रद्द करणें ही एक पायरी आहे; तीच सबंध जिना आहे असें समजणाऱ्यानें पत्रादेवी विसरूं नये.

असें असूनही कायद्यांतील एका शब्दानें माणसाच्या आयुष्यांत केवढा फरक पडतो, हें दोन चरित्रें शेजारीं ठेवल्यास कळतें. रत्नागिरी जिल्ह्यांतील आयनी गांवचे अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनीं डिसेंबर १९०९ मध्यें नाशिकचा कलेक्टर जॅक्सन यास गोळी घातली. १९ एप्रिल १९१० रोजीं, म्हणजे चार महिन्यांच्या आंत, ठाण्याच्या तुरुंगांत कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांच्यासह त्यांना फांशी झाली. कान्हेऱ्यांच्या वयास तेव्हां विसाचा आंकडाही लागला नव्हता. दुसरें चरित्र सांगलीच्या मोहन रानड्यांचें. शिक्षक म्हणून ते गोव्यांत गेले, आझाद गोमंतक दलांत शिरले, आणि १९५५ मध्यें बेतीच्या पोलीसठाण्यावरील हल्ल्यांत जखमी होऊन पकडले गेले. त्यांस सव्वीस वर्षांची शिक्षा झाली आणि लिस्बनजवळच्या काशियश किल्ल्यांत त्यांना ठेवण्यांत आलें. गोवें १९६१ मध्यें मुक्त झालें तरी ज्यानें त्याकरितां बंदूक उचलली तो पुढें सात वर्षें पोर्तुगीज कोठडींतच होता. सुधीर फडके आदि मंडळींनीं त्यांच्या सुटकेकरितां खटपट केली. जानेवारी १९६९ मध्यें ते सुटले. त्यानंतर पन्नास वर्षें ते जगले, सार्वजनिक कामें करीत राहिले, २००१ मध्यें सरकारनें त्यांस पद्मश्री दिली, आणि २०१९ मध्यें ते वारले.

या दोघांच्या कृत्यांची आम्ही तुलना करीत नाहीं. एका प्रकरणांत खून होता, दुसऱ्यांत हल्ला. कायद्यांनीं काय केलें एवढेंच पाहावयाचें आहे. एका कायद्यानें चार महिन्यांत पुस्तक मिटलें. दुसऱ्यानें तें चौदा वर्षें कुलुपांत ठेवलें, पण पानें फाडलीं नाहींत. म्हणून काळ बदलला तेव्हां तीं पुन्हा उघडतां आलीं. एका राजवटीचा गुन्हेगार पुढच्या राजवटीचा मानकरी ठरूं शकतो, हें हिंदुस्थानच्या इतिहासांत इतक्या वेळां घडलें आहे कीं, निदान राजकीय अपराधाच्या बाबतींत तरी कोणाही शहाण्या माणसानें दोराची घाई करूं नये.

१९६१ हें वर्ष आपल्या विषयांत दोन कारणांनीं लक्षांत राहण्यासारखें आहे. त्या वर्षाच्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें गोपाळ गोडसे यांच्या अर्जावर निकाल दिला. महात्मा गांधींच्या खुनाबद्दल नथुराम गोडसे व नारायण आपटे यांना १५ नोव्हेंबर १९४९ रोजीं अंबाल्यास फांशी झाली होती. त्यांस फांशी देऊं नये अशी रदबदली खुद्द गांधीजींचे पुत्र मणिलाल व रामदास यांनीं केली होती, ती मानली गेली नाहीं. याच कटांत जन्मठेप झालेले गोपाळ गोडसे यांचें म्हणणें असें कीं, जन्मठेप म्हणजे हिशोबानें वीस वर्षें, आणि मिळालेली सूट धरतां आपली मुदत संपली. न्यायालयानें तें अमान्य केलें. जन्मठेप म्हणजे उरलेलें सबंध आयुष्य. सूट देऊन सोडावयाचें तर तो अधिकार सरकारचा, कैद्याचा हक्क नव्हे. पुढें ऑक्टोबर १९६४ मध्यें सरकारनें त्यांस सोडलें. ‘जन्मठेप म्हणजे चौदा वर्षें’ असें आपल्याकडे आजही बिनदिक्कत बोललें जातें, तें या निकालाच्या अज्ञानामुळें. १९७८ मध्यें घातलेल्या तरतुदीनेंही एवढेंच ठरविलें कीं, ज्या गुन्ह्यास फांशी होऊं शकते त्यांतील जन्मठेपेचा कैदी चौदा वर्षांच्या आंत सोडूं नये. चौदा हा उंबरठा आहे, छप्पर नव्हे. २००८ पासून तर सर्वोच्च न्यायालयानें, फांशी फार कडक आणि साधी जन्मठेप अपुरी वाटल्यास, ठराविक दीर्घ मुदतीपर्यंत किंवा मरेपर्यंत सुटका होणार नाहीं अशी जन्मठेप देण्याचा मार्ग खुला केला आहे.

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत गोवें मुक्त झालें. पुढच्या वर्षीं निघालेल्या विनियमानें हिंदी कायदे तेथें लागूं करण्याची व्यवस्था झाली, आणि त्यांबरोबर ३०२ वें कलमही गेलें. तेरेखोलच्या दोन कांठांचा कायदा एक झाला. स्वातंत्र्य आलें, मतदान आलें, आणि नव्वद वर्षांपूर्वीं बाहेर गेलेला फांशीचा दोर निदान कागदावर परत आला. या तिसऱ्या पाहुण्याकडे त्या आनंदांत कोणाचें लक्ष गेलें असेल असें वाटत नाहीं.

खरें पाहतां हिंदुस्थानांतही वारें तेव्हां दुसऱ्या दिशेनें वाहूं लागलें होतें. ज्यांचें मूळ गांव रत्नागिरी जिल्ह्यांतील आंबडवें, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं ३ जून १९४९ रोजीं घटनासमितींत सांगितलें होतें कीं, देहदंडाच्या प्रत्येक खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाकडे अपिलाची सोय करण्यापेक्षां देहदंडच रद्द करणें आपणांस अधिक पसंत पडेल. १९५८ मध्यें नट पृथ्वीराज कपूर यांनीं राज्यसभेंत तशा अर्थाचा ठराव आणला. त्या आधींच १९५५ च्या दुरुस्तीनें, फांशी न देण्याचीं कारणें लिहिण्याचें बंधन गेलें होतें. १९७३ च्या नव्या संहितेनें उलट बाजूस पारडें टाकून, फांशी द्यावयाची तर ‘विशेष कारणें’ लिहिलींच पाहिजेत असें सांगितलें. १९८० मध्यें बच्चनसिंग खटल्यांत पांचांपैकीं चार न्यायाधीशांनीं देहदंड घटनेस धरून आहे असें ठरविलें, पण तो विरळांतील विरळ प्रसंगींच द्यावा अशी मर्यादा घातली. न्यायमूर्ति भगवती यांनीं भिन्न मत दिलें. १८९८ मध्यें जो नियम होता तो ऐंशी वर्षांत अपवाद झाला. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्यायसंहितेंतही या दोन्ही शिक्षा कायम आहेत.

तिकडे पोर्तुगालनें १९७६ च्या राज्यघटनेनें देहदंडाचा उरलासुरला अंशही नाहींसा केला. आणि त्या जुन्या कायद्याची सांवली आपल्यावर पुन्हा एकदां पडली ती अगदीं अलीकडे. इंग्लंडशीं १८९२ मध्यें झालेल्या गुन्हेगारांच्या देवघेवीच्या तहांतच पोर्तुगालनें अट घातली होती कीं, देहदंडास पात्र गुन्ह्याचा आरोपी आपण परत देणार नाहीं. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या खटल्यांतील आरोपी अबू सालेम २००२ मध्यें लिस्बनला सांपडला, तेव्हां हिंदुस्थान सरकारास लेखी आश्वासन द्यावें लागलें कीं, त्याला फांशी दिली जाणार नाहीं आणि पंचवीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगांत ठेवलें जाणार नाहीं. २००५ मध्यें तो ताब्यांत मिळाला. सप्टेंबर २०१७ मध्यें मुंबईच्या न्यायालयानें त्यास जन्मठेप दिली. त्याच दिवशीं, त्याच खटल्यांत, त्याच्या दोन सहआरोपींस फांशीची शिक्षा सुनावली गेली. त्याच स्फोटांबद्दल याकूब मेमन यास त्याआधीं ३० जुलै २०१५ रोजीं नागपुरास फांशी झाली होती. सरकारनें आपला शब्द पाळला पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२२ मध्यें बजावलें. एका कटाचीं माणसें. पण कोण कोठें पकडला गेला यावर कोणाचा जीव राहावा हें अवलंबून राहिलें. तेरेखोलच्या कांठावरील जुनी गोष्टच ही, फक्त नदीच्या जागीं महासागर आला.

आतां प्रतिपक्षाचे आक्षेप. पहिला धाकाचा. त्याचें उत्तर नदीच्या दक्षिण तीरानें, निदान नकारात्मक रीतीनें, दिलें आहे. फांशीवांचून समाज चालतो. नव्वद वर्षें चालला. दुसरा आक्षेप याहून जड आहे, आणि तो पुस्तकांतून येत नाहीं, घरांतून येतो. ज्या आईचें मूल मारलें गेलें तिला आपण काय सांगणार? कोल्हापूरच्या बालहत्यांच्या खटल्यांत दोन बहिणींस झालेली फांशी सर्वोच्च न्यायालयानें २००६ मध्यें कायम केली. राष्ट्रपतींनीं दयेचा अर्ज २०१४ मध्यें फेटाळला. आणि अर्जाच्या निकालास झालेल्या अक्षम्य विलंबामुळें जानेवारी २०२२ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें ती शिक्षा जन्मठेपेंत बदलली. त्या मुलांच्या आईबापांस हा न्याय वाटला असेल असें म्हणण्याचें धाडस आम्हांस नाहीं. त्यांचा संताप खरा आहे, आणि कोणत्याही तत्त्वज्ञानानें तो शमणार नाहीं. परंतु हेंही पाहिलें पाहिजे कीं, त्यांस वीस वर्षें झुलविलें तें फांशीनेंच. अपिलें, अर्ज, विलंब यांचा हा फेरा फांशीबरोबर येतोच, कारण माणूस मारण्यापूर्वीं राज्यास दहादां विचार करावा लागतो, आणि तो केलाच पाहिजे. पहिल्याच दिवशीं खरी जन्मठेप सुनावली असती, तर त्या घरांस निदान शेवट तरी लौकर मिळाला असता.

तिसरी गोष्ट आक्षेप नव्हे, उत्तर आहे. आणि तें मिलच्या त्या कबुलीस आहे. २००३ मध्यें नाशिक जिल्ह्यांत एका कुटुंबावर भयंकर अत्याचार झाला. सहा जणांवर खटला चालून सत्र न्यायालयानें सहाहि जणांस फांशी सुनावली. उच्च न्यायालयानें तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. सर्वोच्च न्यायालयानें २००९ मध्यें ती पुन्हा वाढवून सहाहि जणांची फांशी कायम केली. आणि दहा वर्षांनीं, मार्च २०१९ मध्यें, त्याच सर्वोच्च न्यायालयानें आपला निर्णय फिरवून ते सहाहि जण निर्दोष असल्याचें जाहीर केलें व प्रत्येकास पांच लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम केला. सोळा वर्षें गेलेलीं होतीं. तीं कोणी परत देऊं शकलें नाहीं. पण देण्यास माणसें तरी होतीं. हे सहा जण भटक्या जमातीचे, गरीब, शब्दास वजन नसलेले. मिलला इंग्लिश न्यायालयांबद्दल जो विश्वास होता तो आपण आपल्या न्यायालयांबद्दल बाळगावा कीं नाहीं, याचें उत्तर त्या निकालपत्रानेंच दिलें आहे. विधि आयोगानें १९६७ च्या अहवालांत देहदंड ठेवावा असें म्हटलें होतें. २०१५ च्या अहवालांत, दहशतवाद व देशाविरुद्ध युद्ध हे अपराध वगळून, तो रद्द करावा अशी शिफारस केली. मधल्या अर्धशतकांत मनुष्यस्वभाव बदलला नव्हता. न्यायालयांच्या चुकांचा अनुभव तेवढा वाढला होता.

म्हणून आमचें मत जन्मठेपेच्या बाजूनें पडतें. पण तें पेनिश किंवा काशियशच्या जन्मठेपेच्या बाजूनें नव्हे, आणि अंदमानच्या तर नव्हेच. कैद ही समाजाचें रक्षण व्हावें इतकी लांब असावी, सुटकेचा निर्णय मंत्र्याच्या मर्जीनें न होतां ठरलेल्या रीतीनें व कारणें लिहून व्हावा, आणि बळी पडलेल्या घराचें म्हणणें त्या वेळीं ऐकून घेतलें जावें. हें कठीण आहे, खर्चाचें आहे, आणि दोराइतकें सोपें मुळींच नाहीं. न्याय सोपा असावा अशी अपेक्षा मात्र कोणत्याच शास्त्रानें आपल्याला शिकविलेली नाहीं.

आज आरोंद्याहून किरणपाण्यास जाणारास कोणी अडवीत नाहीं, आणि नदी ओलांडतांना कायदा बदलत नाहीं. दोन्ही तीरांचा कायदा एक व्हावा हें योग्यच झालें. तो एक करतांना कोणत्या तीराचा कायदा कोणी घ्यावा, हा प्रश्न मात्र १९६२ मध्यें कोणी विचारला नव्हता. तो आतां विचारण्यास हरकत नसावी.